आपल्या बागेचं पंचांग आपणच मांडावं

भेंडीचं बी मी पहिल्यांदा पेरलं ते पाकिटावरचा महिना बघून. महिना बरोबर होता, पाणीही वेळच्या वेळी दिलं, पण तीन आठवडे वाफ्यात काही हललं नाही. शेवटी बोटाने उकरून पाहिलं तर बी मऊ पडून कुजलेलं. उरलेलं बी महिन्याभराने रागारागातच त्याच वाफ्यात टाकलं आणि आठव्या दिवशी सगळी रांग हिरवी झाली. बी तेच, माती तीच, पेरणारा हातही तोच. फरक पडला होता मातीच्या उबेत. भेंडीचं बी १५ अंश सेल्सिअसला उगवायला सुमारे २७ दिवस घेतं, २५ अंशांना १३ आणि ३० अंशांना ७. सत्तावीस दिवस गार, ओल्या मातीत पडून राहिलेल्या बियावर बुरशीनेच ताव मारायचा.

पाकिटावरचा महिना खोटा नसतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी बागेचा असतो. उत्तर गोलार्धातला मार्च म्हणजे दक्षिण गोलार्धातला सप्टेंबर. डोंगरमाथ्यावरचा वसंत पायथ्याच्या मागून येतो. एकाच अंगणात भिंतीलगतचा वाफा झाडाखालच्या वाफ्याच्या पुढे धावतो. बारा महिन्यांची तयार यादी म्हणूनच मी देणार नाही. आपल्या जागेचं वेळापत्रक आपल्याला मांडता यावं, यासाठी काय काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

पायरी १: वर्षाची पट्टी काढा आणि आधी अडचणी लिहा

लांब कागदावर ५२ चौकोन आखा, आठवड्याला एक. बहुतेक जण लगेच त्यात पेरण्या लिहायला लागतात. थांबा. आधी झाडांना नको असलेले आठवडे रंगवा: दंव (म्हणजे साधे दवबिंदू नव्हेत, पानांवर गोठून बसणारं हिम) पडण्याची शक्यता असलेले, दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर राहणारे, सलग पावसाने वाफे चिंब राहणारे, आणि पाणी पुरणार नाही असे. प्रत्येकाला वेगळा रंग द्या. कुठे वर्ष थंडीने अडतं, कुठे उन्हाने, कुठे पावसाने. दोन-तीन अडचणी एकत्र असणाऱ्या जागाही कमी नाहीत. जे कोरे चौकोन उरतात तोच तुमचा हंगाम. तो वर्षात एकदाच येईल असंही नाही. उन्हाळा कडक आणि हिवाळा सौम्य असेल तर कोरे चौकोन दोन तुकड्यांत सापडतात, आणि दुसरा तुकडा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो.

दंवाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. 'शेवटच्या दंवाची सरासरी तारीख' म्हणजे त्यानंतर दंव पडणार नाही, असं नाही. सरासरीचा अर्थच असा की जवळपास निम्म्या वर्षांत दंव त्या तारखेनंतरही पडतं. टोमॅटो, मिरची, काकडी असली नाजूक रोपं बाहेर काढायची तर सरासरीच्या पुढे आणखी दोन आठवडे धरावेत. वाटाणा, कोबी, पालक यांना एवढं जपावं लागत नाही.

उन्हाकडे पाहताना झाड जगेल का एवढंच पाहून भागत नाही, फूल टिकेल का हे पाहावं लागतं. टोमॅटोचं झाड कडक उन्हात हिरवंगार उभं असतं आणि फुलं मात्र टपाटप गळत असतात. दिवस ३२ ते ३५ अंशांपलीकडे गेला, रात्र २४ अंशांच्या वर राहिली किंवा १३ अंशांच्या खाली उतरली, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फळधारणा बिघडते. म्हणून फळभाजीसाठी पेरणीचा दिवस सगळ्यात शेवटी ठरतो. आधी ठरवायचा तो फुलोऱ्याचा काळ. त्याचं गणित पाचव्या पायरीत येईल.

पायरी २: मातीत थर्मामीटर खुपसा

हवेचा पारा दिवसातून दहा वेळा बदलतो, माती सावकाश तापते आणि सावकाश निवते. बियाला हवेचं काही घेणंदेणं नाही. सळईसारखा कुठलाही थर्मामीटर चालेल. तो ५ सेंटीमीटर खोल खुपसा, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, सलग चार-पाच दिवस. दुपारचा आकडा पाहून खूश होऊ नका, सकाळचा आकडा खरा.

आकड्यांचे ढोबळ तीन गट लक्षात ठेवले तरी पुरतं. वाटाणा, पालक, मुळा, कोबीवर्ग, कांदा हे माती ७ ते १० अंशांवर आली की उगवायला लागतात. मका आणि टोमॅटो १० अंशांना नावापुरते उगवतात. टोमॅटोला तिथे सुमारे ४३ दिवस लागतात, २० अंशांना ८ आणि २५ अंशांना ६, म्हणून त्यांना १५ ते १८ अंश तरी मिळू द्यावेत. भेंडी, काकडी, भोपळा, कलिंगड यांच्या वाट्याला १८ ते २० अंशांच्या आत जाऊच नये. सुरुवातीच्या भेंडीचा धडा हाच होता.

उलट बाजूही आहे. लेट्यूसचं बी माती २७ ते ३० अंशांच्या वर गेली की झोपी जातं. बी खराब नसतं, उगवायला नकार देत असतं. अशा वेळी पेरणी संध्याकाळी करा, म्हणजे बी पाणी पिऊन फुगण्याचे पहिले तास रात्रीच्या गारव्यात जातील. वर सावलीची जाळी आणि ओलं गोणपाट टाका, मात्र कोंब दिसताच गोणपाट काढा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात.

थोडी लबाडीही करता येते. उंच केलेला वाफा सपाट जमिनीपेक्षा लवकर तापतो. पेरणीआधी दोन आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरलं तर माती काही अंशांनी वर जाते. पण रात्रीची हवा अजून गार असेल तर नुसती माती तापवून फायदा नाही, कारण उगवलेलं रोप मातीच्या वरच जगणार असतं.

पायरी ३: वाफसा ओळखायला शिका

वाफसा हा शब्द आपल्या भाषेत आहे हे भाग्यच. निम्म्या बागकामाचं वेळापत्रक या एका शब्दात बसतं. पाऊस पडून गेला किंवा भरपूर पाणी दिलं की मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं जादा पाणी खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहते. हवा आणि ओल दोन्ही एकाच वेळी हजर असतात ती स्थिती म्हणजे वाफसा. वाळूसर मातीत तो एका दिवसात येतो आणि लगेच जातोही. भारी काळ्या मातीत यायला तीन-पाच दिवस लागतात.

परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, मुठीत दाबा, आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळाच झाला नाही तर माती कोरडी. पडून भुगा झाला तर वाफसा आहे, फावडं उचला. पडून चपटा झाला, किंवा दाबताना बोटांतून चिखल निघाला, तर परत घरात जा. ओल्या चिकणमातीत एकदा खणलं की तिची रवाळ घडण मोडते, आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं उरतात. ती पुन्हा सुधारायला एक हंगाम सहज जातो. नुसतं चालण्यानेही हेच होतं, म्हणून वाफ्यात पाय न ठेवता हात मध्यापर्यंत पोचेल एवढीच वाफ्याची रुंदी असावी, सुमारे १२० सेंटीमीटर.

खणणं, पेरणं, पुनर्लागवड, खुरपणी, वरखत (वाढत्या झाडाला वरून दिलेलं खत) ही सगळी कामं वाफशावर. पावसाच्या काळात तर मी आठवड्याचा वार बघायचं सोडूनच दिलं आहे. उघडीप मिळाली की रोज सकाळी एक मूठ माती दाबून बघतो, आणि गोळा फुटला की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवतो. माती कोरडीठाक असेल तर उलटा मार्ग धरायचा: आधी भरपूर पाणी द्या, वाफशाची वाट पाहा, मग पेरा. पेरून वरून धो धो पाणी सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तसं केल्याने वर पापुद्रा धरतो आणि गाजरासारख्या बारीक बियाचा कोंब त्याखालीच गुदमरतो.

पायरी ४: दिवस किती तासांचा आहे?

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारीही. दिवसाची लांबी झाडं मोजतात, हे १९२० साली अमेरिकेतल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात तो नुसता उंच वाढायचा, फूल धरायचाच नाही. हिवाळ्यात काचघरात ठेवला की मात्र फुलायचा. ऊब, खत, पाणी सगळं तपासून झालं, आणि शेवटी चोर सापडला तो दिवसाच्या तासांमध्ये. खरं तर झाड मोजतं ती रात्र, पण बागेत आपल्याला दिवस मोजणं सोपं.

कांद्यावर याचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो. काही वाण दिवस १० ते १२ तासांचा झाला की गड्डा धरायला लागतात, काही १२ ते १४ तासांना, आणि काहींना १४ तासांच्या वरचा दिवस लागतो. आता विषुववृत्तापासून २० अंशांवरच्या जागी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा असतो. तिथे लांब दिवसाचा वाण लावला तर पात उत्तम मिळेल, कांदा कधीच मिळणार नाही. ४० अंशांवर मोठा दिवस १५ तासांचा असतो. तिथे आखूड दिवसाचा वाण वसंतात लावला तर रोप पोरसवदा असतानाच गड्डा धरून मोकळा होतो आणि हाती लसणाएवढे कांदे येतात. कांद्याचा एक पापुद्रा म्हणजे एका पानाचं बूड. इशारा मिळेल त्या दिवशी जेवढी पानं, तेवढाच गड्डा. म्हणून रोप इशाऱ्याच्या पुष्कळ आधी लागलं पाहिजे. पण फार आधी लावून पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप दीर्घ थंडीत सापडलं तर ते गड्डा सोडून फुलाचा दांडा काढतं. दोन्हींच्या मधली वेळ पकडणं हेच कांद्याचं कसब, आणि ते वाण विचारल्याशिवाय साधत नाही. रोपं घेताना किंमत विचारण्याआधी वाण विचारा.

पालक आणि कोथिंबीर दिवस वाढत असताना, त्यातही ऊब वाढत असताना, घाईने फुलावर येतात. त्यांची मोठी पेरणी दिवस लहान होत जाणाऱ्या काळात करा, म्हणजे पानं भरपूर मिळतील. शेवंती आणि पॉइन्सेटिया याउलट, लांब रात्रींवर फुलणारी. पॉइन्सेटियाला पानं लाल करायला रोज सुमारे १४ तासांचा अखंड अंधार आठ-दहा आठवडे लागतो. माझी कुंडी दोन वर्षं हिरवीच राहिली. खत बदललं, जागा बदलली, पण नवी जागाही त्याच रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात होती. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी वर खोका पालथा घालायला लागलो, तेव्हा बाईसाहेब लाल झाल्या.

विषुववृत्तापासून दूर राहणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. दिवस १० तासांच्या खाली गेला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळपास थबकते, झाकलेल्या वाफ्यातसुद्धा. त्या आठवड्यापर्यंत झाड तीनचतुर्थांश वाढलेलं असेल तर ते वाफ्यातच ताजं राहतं आणि लागेल तसं काढता येतं. छोटं राहिलं तर दिवस पुन्हा मोठा होईपर्यंत छोटंच राहतं. पट्टीवर हे आठवडे पेन्सिलीने राखाडी करून ठेवा.

पायरी ५: शेवटाकडून मागे मोजा

आता पट्टी समोर घ्या. समजा ३० व्या आठवड्यापासून कडक ऊन सुरू होतं आणि टोमॅटो लावायचा आहे. फुलोऱ्याला उन्हाआधी निदान सहा आठवडे मिळावेत, म्हणजे पहिलं फूल २४ व्या आठवड्यात. पुनर्लागवडीपासून फुलापर्यंत साधारण पाच आठवडे, म्हणजे लागवड १९ व्या आठवड्यात. रोप तयार व्हायला सहा आठवडे, म्हणजे बी १३ व्या आठवड्यात. मग उलट तपासणी करा: १९ व्या आठवड्यात दंवाचा रंग आहे का? सकाळी माती १५ अंशांवर असते का? नसेल तर लागवड पुढे ढकलावी लागेल आणि फुलोरा उन्हात सापडेल. तसं असेल तर लवकर येणारा वाण घ्या, नाहीतर टोमॅटो वर्षाच्या दुसऱ्या कोऱ्या तुकड्यात न्या.

पाकिटावर 'इतक्या दिवसांत तयार' असं छापलेलं असतं, त्यात एक फसगत आहे. ज्या भाज्यांचं रोप करून लावतात त्यांचे दिवस बहुतेक वेळा पुनर्लागवडीपासून मोजलेले असतात, थेट पेरायच्या भाज्यांचे पेरणीपासून. शिवाय दिवस लहान आणि गार होत असतील तर त्या आकड्यात दोन आठवडे आणखी मिळवा.

रोपांचं वय जास्त झालं की ती कुंडीत म्हातारी होतात. टोमॅटोला पाच-सहा आठवडे पुरे. मिरची आणि वांगी सावकाश चालतात, त्यांना सहा ते आठ. कोबी-फुलकोबीला चार ते सहा. काकडी-भोपळ्याला दोन-तीनच, कारण त्यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. गाजर आणि मुळ्याचं रोप करण्याच्या फंदात पडू नका, ते थेट वाफ्यातच पेरायचे. लागवडीआधी सात ते दहा दिवस रोपांना बाहेरची सवय लावायची: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू वेळ आणि ऊन वाढवत न्यायचं. आणि लावायची वेळ संध्याकाळची किंवा ढगाळ दिवसाची. सकाळी लावलेल्या रोपाला मुळं रोवायच्या आधी दुपार सोसावी लागते.

थोडी थोडी पेरणी पुन्हा पुन्हा करायची असेल तर 'दर दोन आठवड्यांनी' हा नियम मी सोडला. थंडीच्या शेवटी आठवड्याच्या अंतराने पेरलेल्या दोन रांगा एकाच दिवशी काढणीला येतात, कारण मागची पेरणी वाढत्या उबेत पुढचीला गाठते. त्याऐवजी आधीच्या रांगेला दोन बीजपानांनंतरचं पहिलं खरं पान दिसलं की पुढची रांग पेरा. गार दिवसांत हे अंतर आपोआप वाढतं, उबेत आपोआप घटतं. झाडच पंधरवडा मोजतं म्हणा ना.

पायरी ६: छाटणीआधी विचारा, फूल कुठल्या फांदीवर येतं?

चुकीच्या वेळेची छाटणी झाडाला सहसा मारत नाही, पण वर्षभराची फुलं नेते. नियम एकच आहे, तोही पाठ करण्यापेक्षा झाड पाहून कळणारा. ज्या झाडाच्या कळ्या गेल्या वर्षी वाढलेल्या जुन्या फांदीवर आधीच बसलेल्या असतात, त्याची छाटणी फुलं संपल्या संपल्या करा. लायलॅक आणि मोठ्या पानांची हायड्रेंजिया ही फुलझुडपं यांतली. त्यांना थंडीच्या शेवटी कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. ज्यांना नव्या फुटीवर फूल येतं, म्हणजे जास्वंद, बोगनवेल, मोगरा, आजचे बहुतेक गुलाब, त्यांची छाटणी वाढीचा जोर सुरू होण्याच्या तोंडावर करा. छाटणीपासून फुलापर्यंत गुलाबाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा फुलं ज्या आठवड्यात हवीत तिथून मागे मोजायचं.

आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या फांदीच्या शेंड्यावर येतो. फळं उतरवली की लगेच छाटलं तर नवी फूट पक्व व्हायला महिने मिळतात. उशीर केला तर फूट कोवळी राहते आणि तिच्यावर पुढच्या हंगामात पालाच येतो. पानगळ होणाऱ्या सफरचंद-नाशपतीची छाटणी सुप्तावस्थेत. पण आलुबुखार आणि चेरी यांना ओल्या गारठ्यात जखम झाली तर पानं रुपेरी पडणारा बुरशीचा रोग शिरतो, म्हणून त्यांची छाटणी कोरड्या उन्हाळ्यातच. कुठल्याही झाडाला पाऊस चालू असताना कात्री लावू नये, कारण ओल्या जखमेत बुरशी आणि जिवाणू सहज घर करतात.

जखमेला रंग किंवा डांबर लावायची सवय मात्र सोडावी. अमेरिकेच्या वनसेवेतल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की लेपामुळे कूज थांबत नाही. झाड जखम भरत नाही, ती आतल्या आत वेगळी करून कोंडून टाकतं. फांदीच्या बुडाशी जो किंचित फुगीर कडा दिसतो त्याच्या बाहेर, त्याला न दुखवता कापलं की पुढचं झाड पाहून घेतं. वाळलेली, मोडलेली, रोगट फांदी दिसेल त्या कोरड्या दिवशी काढा, तिला मुहूर्त लागत नाही.

पायरी ७: खत, आच्छादन, तण यांना आगाऊ तारीख द्या

या कामांचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून ती नेहमी आधी करायची असतात. कंपोस्टचा ढीग नीट वरखाली केला तरी तीन ते सहा महिने घेतो. पेरणीच्या आठवड्यापासून तेवढं मागे जा आणि तिथे 'ढीग' असं लिहा. ताजं शेणखत भाजीत टाकू नये. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्च्या शेणखतापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे, इतर पिकांना ९०. ताग-धैंच्यासारखं हिरवळीचं खत फुलोरा सुरू होतानाच मातीत गाडा, दांडे राठ व्हायच्या आत. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून मग पेरणी. दंवाच्या प्रदेशात पहिल्या अपेक्षित दंवाआधी सहा-आठ आठवडे झुडपांचं नत्र बंद करा, नाहीतर कोवळी फूट नेमकी थंडीत सापडते.

आच्छादनाची वेळ जागेप्रमाणे उलटते. थंड प्रदेशात माती तापायच्या आत पालापाचोळा टाकला तर थंडीच झाकून ठेवली असं होतं. उष्ण प्रदेशात पाऊस संपत आला असताना, ओल मातीत असतानाच टाकायचं. कोरड्या मातीवर टाकलेलं आच्छादन कोरडेपणाच टिकवतं. थर ५ ते ८ सेंटीमीटर, खोडापासून चार बोटं लांब.

तणांसाठी दोन युक्त्या. वाफा पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच तयार करा, ओलवा, वर आलेलं तण अगदी वरवर खुरपून काढा आणि मग माती न उलथता पेरा. खणलंत तर खालचं नवं बी वर येईल. दुसरी युक्ती कडक उन्हाळ्याची. वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. इस्रायलमधल्या याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवलेली ही रीत मर रोगाच्या बुरश्या आणि बरंचसं तण मारते. बाग रिकामी पडते त्या आठवड्यांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पायरी ८: ऋतू वळतानाचे दिवस

ऋतूच्या मधल्या काळात बाग बऱ्यापैकी आपली आपण चालते. धावपळ असते ती वळणांवर. थंडी सरताना नव्या फुटीबरोबर मावा येतो. कोवळ्या शेंड्यांची मागची बाजू आठवड्यातून दोनदा पाहा, बोटाने चिरडून भागतं तेवढ्यातच आवरा. ऊन चढताना पानांखाली लाल कोळी वाढतो, पाणी पहाटे द्यायला लागा आणि सावलीची जाळी पहिलं पान करपण्याआधी बांधा. पाऊस सुरू व्हायच्या आधी चर मोकळे करा, उंच झाडांना आधार द्या, पण मोठी झाडं पहिल्या सरीवर लावू नका. माती वीत-दीड वीत खोल भिजली का ते खड्डा उकरून पाहा. पाऊस सरताना झाडांना सगळ्यात जास्त धोका असतो, कारण वर हिरवळ असते, वरची माती झपाट्याने वाळते आणि उथळ मुळं तहानलेली राहतात. त्या दोन आठवड्यांत बुंध्याभोवती मातीची आळी करून खोल पाणी दिलं तर मुळं खाली उतरतात.

दंवाच्या रात्री ओळखता येतात: आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सखल जागी गारवा साचलेला. झाकण सूर्यास्ताआधी घाला, म्हणजे मातीची दिवसभराची ऊब आत राहील. त्या सकाळी मातीला पाणी दिलेलं असेल तर उत्तम, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. सकाळी ऊन पडताच झाकण काढा.

पायरी ९: नोंदवही

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: पहिलं फूल, पहिलं पान, पहिला पक्षी. त्याच्या घराण्याने ही वही १९५८ पर्यंत चालवली. जपानमधल्या क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. माळ्याला एवढा धीर लागत नाही, तीन वर्षं पुरतात.

लिहायचं काय? अंगणातलं किंवा रस्त्यावरचं एक जुनं, न हलणारं झाड निवडा. ते कधी फुटलं, कधी फुललं, पानं कधी गळली हे लिहा. ते झाडही उबेचीच बेरीज करत असतं. दिवसाच्या कमाल आणि किमान पाऱ्याची सरासरी काढून त्यातून १० अंश वजा केले की त्या दिवसाची वाढीला उपयोगी ऊब मिळते. उत्तर शून्याखाली आलं तर शून्य धरायचं. अशी रोजची बेरीज करायची कल्पना फ्रान्सच्या रेओम्युर यांनी १७३५ सालीच मांडली होती. आकडेमोड नको असेल तर झाडच तुमचा गणकयंत्र. त्याच्या फुलाच्या शेजारी लिहा: 'आज माती १८ अंश, भेंडी पेरली, नवव्या दिवशी उगवली.' तीन वर्षांनी तुम्ही तारखेऐवजी त्या झाडाकडे बघून भेंडी पेराल, आणि ते झाड लवकर फुललेल्या वर्षी लवकर पेराल.

पहिल्या वर्षी पाचच नोंदी ठेवा: शेवटचं दंव किंवा शेवटची गार सकाळ, पहिला भिजवणारा पाऊस, निवडलेल्या झाडाचं पहिलं फूल, टोमॅटोची फुलं गळायला लागली तो आठवडा, आणि सकाळी माती २० अंशांवर गेली तो दिवस. वही पेन्सिलीने लिहा आणि फावड्याशेजारी टांगा. घरात ठेवलेल्या वहीत मातीच्या हातांनी कुणी लिहीत नाही.